वृत्त, चर्चा आणि स्थानिक प्रसंग : इंग्रजी संभाषणाच्या एका पद्धतीची चिकित्सा

महाविद्यालयांतून इंग्रजी संभाषणाचा सराव करवून घेण्याची एक पद्धत आता बरीच रूढ आहे. विद्यार्थ्यांनी दिवसाची एखादी बातमी वाचावी, तिच्यावर इंग्रजीतून चर्चा करावी आणि अधूनमधून आपल्या परिसरातील सामाजिक प्रसंगाचे वर्णन करावे, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. ही तीन अंगे बहुधा एका दमात सांगितली जातात व तिन्हींचे कार्य एकच आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तिन्ही अंगांतून विद्यार्थ्याच्या हाती येणारी भाषा भिन्न आहे. आणि ज्या अंगाला सर्वांत कमी वेळ मिळतो, तेच मराठी भाषिकाला सर्वाधिक फलदायी आहे, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

या पद्धतीचे मूळ केवळ परदेशी पाठ्यपुस्तकांत शोधण्याचे कारण नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली मुंबईत सुरू केलेले 'दर्पण' हे पत्र मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापीत असे. देशी लोकांत इंग्रजी विद्येची आवड वाढावी आणि सार्वजनिक चर्चेस क्षेत्र मिळावे, हे दोन्ही हेतू त्यामागे होते. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली. तेथे तरुण मंडळी निबंध वाचीत व त्यांवर वाद करीत. या उपक्रमांतून इंग्रजीचा सराव होत असे हे खरे; परंतु बोलणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही होते, हे त्याहून महत्त्वाचे.

विसाव्या शतकात बातमीचा उपयोग निराळ्या दिशेने झाला. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीने १९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'स्पेशल इंग्लिश' हा कार्यक्रम सुरू केला. सुमारे १५०० शब्दांचा संग्रह, लहान वाक्ये आणि संथ वाचन ही त्याची वैशिष्ट्ये होत. जगभरच्या श्रोत्यांना इंग्रजी समजू लागण्यास त्याचा उपयोग झाला. परंतु श्रोता त्यात श्रोताच राहिला. ऐकून समजणे आणि स्वतः बोलणे यांतील हे अंतर लक्षात न घेता आपण बातमीला संभाषणाच्या वर्गात आणले आहे.

प्रथम बातमीच्या भाषेचा विचार करू. विद्यार्थी मोबाईलवर बातम्या चाळतो तेव्हा त्याच्या नजरेखालून मुख्यतः मथळे जातात, आणि इंग्रजी मथळ्याचे व्याकरण हे सामान्य इंग्रजीचे व्याकरण नव्हे. 'मिनिस्टर टु ओपन ब्रिज' यात दोन्ही नामे उपपदावाचून येतात व भविष्यकाळ केवळ 'टु'ने दर्शविला जातो. 'बस फॉल्स इन्टु रिव्हर' यात घडून गेलेली घटना वर्तमानकाळी रूपाने सांगितली जाते. मराठीत 'अ' आणि 'द' यांच्यासारखी उपपदे नाहीत. साहजिकच त्यांचा विवेक ही मराठी भाषिकाची इंग्रजीतील एक चिवट अडचण आहे. ज्या ठिकाणी त्याचे पाऊल आधीच अडखळते, नेमक्या त्याच ठिकाणी मथळा त्याला चुकीच्या सवयीचे बळ देतो.

तथापि बातमीकडून मिळण्यासारखे एक मोलाचे शिक्षण आहे. ऐकीव माहितीची जबाबदारी मराठीत 'म्हणे' या एका शब्दाने दूर ठेवता येते. इंग्रजीत त्यासाठी 'अकॉर्डिंग टु', 'रिपोर्टेडली', 'इज सेड टु' अशा विविध रचना योजाव्या लागतात, आणि वृत्तलेखनात त्या पदोपदी भेटतात. म्हणून मथळा व त्याखालील पहिले वाक्य समोरासमोर ठेवून दोहोंतील फरक विद्यार्थ्याकडून काढवून घेणे हा बातमीचा उत्तम उपयोग होय. परंतु हा वाचनाचा पाठ झाला, संभाषणाचा नव्हे.

चर्चेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठीत विरोधी मत मांडताना आपण 'तसं नाही हो', 'पण असं बघा ना' असे म्हणतो. 'हो', 'ना', 'की', 'तर' ही चिमुकली अव्यये मतभेदाची धार बोथट करतात. इंग्रजीत हे कार्य बव्हंशी 'माइट', 'वुड' यांसारखी साहाय्यक क्रियापदे आणि 'आय ॲम नॉट शुअर दॅट' यांसारखे उपोद्घात करतात. विद्यार्थी मराठी अव्यये गाळतो, त्यांच्या जागी काहीच घालीत नाही, आणि मनात नसलेला उद्धटपणा 'यू आर राँग' या रूपाने बाहेर पडतो. वृत्तलेखन हे एकाने अनेकांना उद्देशून केलेले निवेदन आहे. समोरच्या माणसाशी अदबीने भांडण्याची भाषा त्यात सापडणार कशी? म्हणून बातमीवरील चर्चा पुष्कळदा पाठ केलेल्या वाक्यांची देवाणघेवाण ठरते. पाचही विद्यार्थ्यांनी तीच बातमी वाचलेली असते. कोणापाशीच दुसऱ्याला ठाऊक नसलेले काही नसते.

येथे एन. एस. प्रभू यांच्या कार्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांतून त्यांनी चालविलेला प्रयोग बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. वर्गातील कार्यांचे त्यांनी माहितीतील अंतर, तर्काने भरावयाचे अंतर आणि मतांतील अंतर असे तीन प्रकार सांगितले. बातमीवरील चर्चा पहिली दोन अंतरे ओलांडून एकदम तिसऱ्यावर उडी घेते. माहिती समान व तर्क उसना असताना केवळ मत मागितले, तर मिळणारे मतही उसनेच असणार.

स्थानिक प्रसंग हे अंतर मुळातच घेऊन येतो. सांगलीकडच्या विद्यार्थ्याला बेंदूर ठाऊक असतो, नागपूरकडच्याला पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा. दोघे एकाच वर्गात बसले तर एकमेकांना सांगण्यासारखे त्यांच्यापाशी खरोखर काही आहे. शिवाय सांगू लागताच व्याकरणाची कसोटी लागते. संक्रांतीच्या हळदीकुंकवातील 'वाण' म्हणजे काय हे सांगावयाचे तर 'अ स्मॉल गिफ्ट दॅट द होस्टेस गिव्ह्ज टु ईच गेस्ट' अशी रचना करावी लागते. मराठीत 'यजमानीण प्रत्येकीला देते ती वस्तू' असे विशेषण नामाच्या आधी येते. इंग्रजीत ते नामामागून येते. 'तिळगूळ वाटतात' या मराठी वाक्याला कर्ता लागत नाही. इंग्रजीत 'पीपल' तरी हवे, नाहीतर कर्मणी प्रयोग तरी. मामी, काकू, मावशी आणि आत्या या चौघी 'आँट' या एकाच शब्दात लोपतात, तेव्हा नाते उलगडून सांगणे भाग पडते. उपपद, संबंधी उपवाक्य, कर्मणी प्रयोग ही सारी अडचणीची स्थळे एका लहानशा वर्णनात गरज म्हणून उभी राहतात. स्वाध्याय म्हणून नव्हे.

यावर असा आक्षेप येईल की, अशा वर्णनांतून सणावरचे ठरीव निबंध तेवढे निपजतील. 'इट इज अ फेस्टिव्हल ऑफ जॉय' या वाक्याशी विद्यार्थी थांबला तर हा आक्षेप खराच ठरेल. परंतु श्रोत्याने विचारावे की, या समारंभाला परंपरेने विधवांना का बोलावीत नसत, आणि आता काही ठिकाणी का बोलावतात? त्या क्षणी वर्णन संपते व चर्चा सुरू होते. आता बोलणाऱ्याला आपल्याच घरच्या रीतीविषयी, आपल्याच माणसांना न दुखावता, मत द्यावयाचे असते. 'माइट' आणि 'वुड' यांची गरज त्याला येथे प्रथमच खरी भासते. ग्रामसभेतील पाण्याचा वाद किंवा गणपतीच्या वर्गणीचा तंटा हेही असेच विषय होत.

नोकरीच्या निवडीतील गटचर्चा चालू घडामोडींवरच असते, ही अडचण दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु बातमी वगळावी असे येथे म्हणावयाचे नाही. क्रम बदलावा एवढेच म्हणावयाचे आहे. प्रथम स्थानिक प्रसंगाचे निवेदन, त्यातून उद्भवलेल्या प्रश्नांवर चर्चा, आणि तो सराव अंगी मुरल्यावर बातमी, असा क्रम ठेविला तर बातमीवरही विद्यार्थी स्वतःचे काही बोलू शकेल. ज्या घरांत इंग्रजी वृत्तपत्र रोज येते तेथील मुलांना आजचा क्रम आधीच अनुकूल आहे. ज्या घरांत ते कधीच आले नाही, तेथील विद्यार्थी दूरच्या देशांतील निवडणुकांवर चार इंग्रजी वाक्ये बोलतो, परंतु आपल्या गावाविषयी विचारले असता गप्प बसतो; आणि आपले जगणे इंग्रजीत सांगण्याजोगे नाही असा समज मनात घेऊन बाहेर पडतो. तो समज दृढ करणारी पद्धत कितीही आधुनिक दिसली तरी तिला भाषाशिक्षण म्हणणे कठीण आहे.