पडद्यावरचा पोशाख आणि गावकुसाबाहेरचे अंग

जुन्या चित्रपटांतील वेशभूषा पाहा आणि तीतून आजच्या फॅशनसाठी प्रेरणा घ्या, असा सल्ला देणारे लेख वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून ठरावीक काळाने येत असतात. 'मुगल-ए-आझम'मधील मधुबालाचा घेरदार पोशाख, 'वक्त'मधील साधनाचा अंगाबरोबर बसणारा चुडीदार, 'ब्रह्मचारी'तील मुमताजची साडी, 'बॉबी'तील डिंपलचा ठिपक्यांचा गाठ मारलेला ब्लाउज, अशी यादी दिली जाते. मग लग्नसराईत आपण काय शिवून घ्यावे याची चर्चा होते.

हे लेख क्षुल्लक आहेत असे मी मानत नाही. कपडा हा संस्कृतीचा भाग आहे, आणि ज्यांना हजारो वर्षे हवा तो कपडा घालता आला नाही त्यांना तर कपड्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारेच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या लेखांतले 'आपण' म्हणजे नेमके कोण? पडद्यावर कोणाच्या अंगावरचा कपडा प्रेरणा ठरतो आणि कोणाच्या अंगावरचा कपडा फक्त कणव उत्पन्न करतो? मराठी चित्रपट-समीक्षेने अभिनय, संगीत, छायालेखन यांवर पुष्कळ लिहिले. वेशभूषेच्या जातीवर मात्र तिने फारसे लिहिलेले नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

प्रथम इतिहास लक्षात घेऊ. या देशात कपडा ही आवडीनिवडीची बाब कधीच नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. हा केवळ पोथीतला नियम होता असे कोणी म्हणेल, तर त्याने 'जातिनिर्मूलन' वाचावे. १९३६ सालच्या त्या निबंधात बाबासाहेबांनी इंदूर संस्थानातील बलाई लोकांची हकीकत दिली आहे. १९२८ साली तेथील सवर्णांनी बलाईंवर अटी लादल्या. त्यांनी कलाबतूच्या काठाचे फेटे बांधू नयेत, रंगीत काठाची धोतरे नेसू नयेत; त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने आणि भपकेबाज कपडे घालू नयेत. बलाईंनी हे नाकारले तेव्हा त्यांचे पाणी तोडले गेले, गुरांची चराई बंद झाली आणि कित्येक कुटुंबांना गाव सोडून जावे लागले. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशके झगडावे लागले. १८५९ साली राजाने जाहीरनामा काढला तेव्हा कुठे तो हक्क मान्य झाला.

म्हणून महाडचे स्मरण येथे आवश्यक आहे. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाले हे आपण सर्व जाणतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती ओळख पुसून टाका; कपड्याला ठिगळ असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असू द्या, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. बायकांनी ते लगेच अमलात आणले आणि पायघोळ लुगडी नेसून त्या घरी परतल्या. एका बाजूला ग्रंथ जाळला गेला आणि दुसऱ्या बाजूला त्या ग्रंथाने अंगावर चिकटवलेली खूण काढली गेली. माझ्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी एकाच लढ्यातल्या आहेत.

ही पार्श्वभूमी घेऊन आता पडद्याकडे पाहू. 'जातिनिर्मूलन' प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १९३६ साली, बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या नात्यातील देविका राणीने त्यात कस्तुरीची भूमिका केली. ही कस्तुरी इतकी नीटनेटकी की रेल्वे फाटकावर राबणाऱ्या बापाची ती मुलगी आहे हे आपल्याला संवादातूनच कळते. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. तो प्रामाणिक चित्रपट आहे आणि नूतनचा अभिनय श्रेष्ठ आहे यात वाद नाही. पण त्यातील वेशभूषा पाहा. घरची मुलगी रमा हौसेने नटते. सांभाळलेली सुजाता साध्या सुती साडीत खाली मान घालून काम करते. तिचा साधेपणा हाच तिचा सद्गुण ठरतो. ती नटली असती, तिने हट्ट केला असता, तर प्रेक्षकांनी तिला स्वीकारले असते काय?

'लगान'मध्ये तर शंकेला जागाच उरत नाही. २००१ सालच्या या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी भानू अथैया यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गावातील प्रत्येक माणसाचा धंदा आणि स्वभाव त्याच्या कपड्यावरून कळावा इतके ते काम बारकाईचे आहे. पण त्या गावात कचराच्या वाट्याला मळकी लक्तरे, झाडू आणि अधू हात आले. त्याचा हात अधू आहे म्हणून चेंडू वळतो. त्याच्या अंगी कमावलेले कौशल्य आहे असे दाखवण्याची गरज कोणाला वाटली नाही. येथे मी वेशभूषाकारास दोष देत नाही. पटकथेने जेवढा माणूस दिला तेवढ्यालाच कपडा मिळतो.

याउलट कष्टकऱ्याचा कपडा फॅशन झाला असेही एक उदाहरण आहे. १९७५ च्या 'दीवार'मध्ये गोदी कामगाराच्या निळ्या शर्टाला खाली गाठ मारलेली आहे आणि खांद्यावर दोर आहे. शर्ट लांब शिवला गेला होता म्हणून ती गाठ मारावी लागली, असे अमिताभ बच्चन यांनीच सांगितले आहे. तो शर्ट तरुणांनी उचलला. परंतु त्या कामगाराचे नाव विजय वर्मा होते. मुंबईच्या गोदीत आणि गिरण्यांत आमचे बाप-आजे घाम गाळत होते. तोच निळा कपडा त्यांच्या अंगावर होता, तेव्हा तो कोणाला अनुकरणीय वाटला नाही.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण यापेक्षा बोचरे आहे. तमाशा महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी उभा केला आणि जगवला. त्यांच्या बायांची नऊवारी, चाळ, नाकातली नथ, अंबाड्यावरचा गजरा हे सारे १९७२ साली 'पिंजरा'ने रंगीत पडद्यावर आणले. चित्रपटाची कथा मात्र एका आदर्श शिक्षकाच्या अधःपतनाची आहे. कपडा नाचणारणीचा आणि दुःख मास्तरांचे, अशी ही वाटणी! पुढे 'नटरंग'नंतर लावणीची नवी लाट आली. आज शिवलेली नऊवारी दुकानात तयार मिळते. महाविद्यालयांच्या 'पारंपरिक दिना'ला मुली ती घालून येतात आणि शिक्षक म्हणून मी ते दरवर्षी पाहतो. मुलींच्या आनंदावर विरजण घालावे असे मला वाटत नाही. पण मी एकदा वर्गात विचारले, की हा पोशाख कोणाकडून आला? कोणी नटीचे नाव सांगितले, कोणी चित्रपटाचे. विठाबाई नारायणगावकर हे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेली ही मांग समाजातली कलावंत २००२ साली हलाखीत वारली. तिची नेसण तेवढी बाजारात आली.

फॅशन पोशाखातून माणूस वजा करते, तो असा. अनारकलीचेही तेच झाले. कथेत ती दासी आहे. दासीने राजपुत्रावर प्रेम केले म्हणून तिला शिक्षा होते. आज 'अनारकली' म्हणजे घेरदार ड्रेसचा एक प्रकार. दासीपणाची आठवण त्यात कुठेच नाही.

आता वेशभूषेच्या सर्वोच्च सन्मानाकडे येऊ. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांना १९८३ साली 'गांधी' चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांच्या कर्तृत्वाचा मला अभिमान आहे. 'गांधी'ची वेशभूषा ही मुळात एका प्रवासाची कथा आहे. दक्षिण आफ्रिकेतील बॅरिस्टरचा सूट उतरत जातो आणि शेवटी पंचा उरतो. १९२१ साली मदुराईत गांधीजींनी पंचा स्वीकारला ही इतिहासातली घटना आहे. पण त्याच काळात या देशातला दुसरा एक बॅरिस्टर नेमका उलट प्रवास करीत होता. ज्याच्या जातीला अंगभर कपड्याची मनाई होती तो कोट-पँट-टाय घालून गोलमेज परिषदेत उभा राहिला. या माणसाला 'गांधी' चित्रपटात स्थानच नाही. तीन तासांहून अधिक लांबीच्या त्या चित्रपटात आंबेडकर नावाचे पात्र नाही. ज्याच्यापाशी आहे त्याने उतरवले तर तो त्याग होतो. ज्याच्यापाशी कधीच नव्हते त्याने चढवले तर त्याला काय म्हणायचे, याचे उत्तर जगाने गौरवलेल्या त्या वेशभूषेत मिळत नाही.

ते उत्तर पुढे तमिळ पडद्याने दिले. पा. रंजित यांच्या २०१६ च्या 'कबाली'त रजनीकांत सुटाबुटात वावरतो. गांधींनी सदरा उतरवण्यालाही कारण होते आणि आंबेडकरांनी कोट घालण्यालाही कारण होते, अशा आशयाचे वाक्य त्याच्या तोंडी आहे. दोन वर्षांनी आलेल्या 'काला'त धारावीचा नायक काळ्या कपड्यांत आहे आणि खलनायक पांढऱ्याशुभ्र. पावित्र्याचा रंग कोणता, हा प्रश्न तेथे केवळ कपड्यांतून विचारला आहे. असा चित्रपट मुंबईविषयी असावा आणि तो मराठीत होऊ नये, याचा विचार आपण केला पाहिजे.

मराठीत हा प्रश्न सर्वांत खोलवर नेला तो नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३). कैकाड्याच्या जब्याला जीन्स हवी आहे. शालूने आपल्याकडे पाहावे म्हणून हवी आहे. तीसाठी तो सायकलवर पेप्सी विकत फिरतो. ही जीन्स त्याने चित्रपटातून, जाहिरातीतून, गावातल्या सुस्थितीतल्या पोरांकडे पाहून घेतली आहे. म्हणजे पडद्यावरच्या फॅशनची प्रेरणा घेणाराच हा मुलगा. पण हाच जब्या आपले नाक सरळ व्हावे म्हणून त्याला चिमटाही लावतो. या दोन गोष्टी दिग्दर्शकाने शेजारी ठेवल्या आहेत आणि माझ्या मते चित्रपटाचे मर्म तेथे आहे. जीन्स मागणे हा हक्क आहे. नाकाला चिमटा लावणे हा न्यूनगंड आहे. पहिल्यात मुलगा म्हणतो, जे तुम्हाला मिळते ते मलाही हवे. दुसऱ्यात तो म्हणतो, मी जसा आहे तसा चालणार नाही. बाजार दोन्ही वस्तू एकाच फळीवर मांडतो.

येथे एक आक्षेप येईल. दलित तरुण सूट घालतो तेव्हा तो साहेबाची नक्कल करतो, हिरोचा शर्ट घालतो तेव्हा बाजाराचा गुलाम होतो. मग यात मुक्ती कोठे आहे? समाजशास्त्रात याला संस्कृतीकरण म्हणून एका शब्दात निकालात काढण्याची सोय आहे. ती मला मान्य नाही. ज्या गोष्टीला मनाई नाही तिचे अनुकरण वेगळे आणि ज्या गोष्टीसाठी मार खावा लागतो तिचे अनुकरण वेगळे. २०२३ साली गुजरातेतील बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि काळा चष्मा घातल्यावरून मारहाण झाल्याची फिर्याद नोंदली गेली. शंभर वर्षांपूर्वीच्या बलाईंच्या फेट्यात आणि या चष्म्यात अंतर किती? जेथे चष्म्यासाठी डोके फुटते तेथे चष्मा घालणे ही नक्कल राहत नाही.

तथापि या आक्षेपातला सत्यांशही आपण घेतला पाहिजे. आमच्यापैकी ज्यांना नोकऱ्या लागल्या, शहरात घरे झाली, त्यांच्या लग्नांत आज चित्रपटातल्या राजेशाही दरबाराचे पोशाख भाड्याने आणले जातात. ज्या दरबारांत आपल्या पूर्वजांना दाराबाहेर उभे राहावे लागले, त्यांचीच वस्त्रे आपण हौसेने चढवतो. येथे मनाई मोडल्याचा आनंद किती आणि इतिहास विसरल्याची खूण किती, हे ज्याने त्याने तपासावे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसे पांढऱ्या वस्त्रांत आली होती. सुटासाठी ओळखले जाणारे बाबासाहेबही त्या दिवशी पांढरे धोतर आणि पांढरा कोट घालून आले. सूट हा त्यांचा गणवेश नव्हता आणि धोतर ही त्यांच्यावरची सक्ती नव्हती. काय घालायचे हे त्यांनी स्वतः ठरवले. आपल्या दृष्टीने महत्त्व आहे ते या ठरवण्याला.

तेव्हा चित्रपटातून प्रेरणा जरूर घ्यावी, पण तीन प्रश्न विचारून घ्यावी. हा कपडा पडद्यावर कोणाच्या अंगावर आहे? तो मुळात कोणाच्या अंगावरून घेतला? आणि तो घालताना मला माझे काही लपवावे लागते आहे काय? शिक्षकांनी हे प्रश्न वर्गात न्यावेत. कार्यकर्त्यांनी वस्तीत चित्रपट दाखवला तर नंतरच्या चर्चेत कथेबरोबर कपड्यावरही बोलावे. आणि विद्यार्थ्यांतून काही जणांनी कला महाविद्यालयांत वेशभूषेचे शिक्षण घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. लेखक आपल्यात झाले, कवी झाले, आता दिग्दर्शकही होत आहेत. पडद्यावरच्या आपल्या माणसाचे माप घेणारा हातही आपल्यातूनच आला पाहिजे. महाडहून परतलेल्या त्या बायांनी लुगडे कसे नेसले होते, हे पडद्यावर अचूक दाखवायचे तर ते माहीत असलेली म्हातारी माणसे आता घरोघर संपत चालली आहेत. त्यांना विचारून लिहून ठेवण्याचे काम आजच सुरू करता येईल.