मांत्रिकाचे संरक्षण आणि क्रियापदाचा काळ

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मेजाभोवती बसून तो मुख्यतः बोलूनच खेळला जातो. आपले पात्र काय करते हे खेळाडू सांगतो. त्याचे फळ काय झाले हे डंजन मास्टर, म्हणजे निवेदक आणि पंच, सांगतो. जेथे संशय असेल तेथे फाशाचा कौल घेतात. येथील युद्ध हे एक संभाषणच असल्याने, त्यातील मांत्रिकाच्या बचावाचा विचार भाषाभ्यासकाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

हा बचाव केवळ गणिताने मोजण्याची रूढी आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील एक मांत्रिक घेऊ. चिलखत नसलेल्या या मांत्रिकाचा संरक्षणांक १२ आहे. ‘मेज आर्मर’ या मंत्राने तो १५ होतो, आणि त्यावर ‘शील्ड’ची भर पडली की २०. वीसपैलू फाशात ५ मिळवून वार करणारा शत्रू या तीन स्थितींत अनुक्रमे शंभरांतून ७०, ५५ आणि ३० वेळा यशस्वी होतो. हिशेब अचूक आहे. परंतु या दोन मंत्रांतील मूलभूत भेद त्यात दिसत नाही.

हा भेद काळाचा आहे. मेज आर्मर आधी म्हणावयाचे असते आणि ते आठ तास टिकते. त्याचा रोख भविष्याकडे असतो. शील्डचा उच्चार मात्र वार बसल्यानंतर होतो आणि त्याच वारालाही तो लागू पडतो. निवेदकाने ‘वार लागला’ असे म्हटल्यावर मांत्रिक त्या वाक्याचे ‘वार लागला असता’ असे रूपांतर करतो. ऑस्टिन यांच्या १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांपासून उक्ती ही कृती असू शकते हे आपण जाणतो. येथे एक उक्ती दुसरीला मागे घ्यावयास लावते.

मात्र नियमातील एक मौन येथे बाधक ठरते. निवेदकाने वाराची बेरीज सांगावी की केवळ ‘लागला’ एवढेच म्हणावे, हे शील्डच्या नियमवाक्यात सांगितलेले नाही. वरील उदाहरणात १५ या अंकाविरुद्ध फाशाची ११ दाने यशस्वी ठरतात. त्यांपैकी ५ दानेच शील्डने निष्फळ होतात. उरलेल्या ६ प्रसंगी मंत्र त्या वारापुरता वाया जातो, आणि पुढे आणखी वार आले तरच त्याचा उपयोग होतो. शिवाय त्या फेरीतील एकमेव प्रतिक्रियाही खर्ची पडते. त्यामुळे शत्रूचा मंत्र तोडणारा ‘काउंटरस्पेल’ त्या फेरीत हाती राहत नाही. बेरीज कळली तर ही निवड विवेकाची असते; न कळली तर ती जुगार होते.

बेरीज लपविण्याच्या बाजूने वास्तवतेचा मुद्दा मांडता येईल : युद्धाच्या धुमाळीत मांत्रिकाला अंक कसा कळावा? परंतु वार बसल्याचे त्याला कळते, हे नियमानेच गृहीत धरले आहे. मग तो निसटता बसला की जबर, हे कळू न देण्यास सबळ कारण दिसत नाही. २०२४ च्या सुधारित आवृत्तीतही शील्डचे हे स्वरूप मूलतः कायम आहे. यास्तव बेरीज उघड सांगण्याचा संकेत खेळापूर्वीच ठरावा, असे आमचे मत आहे. ज्याचे सारे सामर्थ्य शब्दांत आहे, त्याला समोरचे वाक्य अर्धेच ऐकवणे न्याय्य नव्हे.