चिमणरावांपलीकडचे चिं. वि. जोशी

एका विषयात नाव मिळविलेला लेखक दुसऱ्या विषयाकडे वळला, म्हणजे वाचकवर्गात कुरकुर सुरू होते. घरच्या माणसाने न विचारता परगावी बिऱ्हाड थाटावे, तसे काहीसे वाचकांस वाटते. टीकाकारही बहुधा याच कुरकुरीला शास्त्रीय भाषेचा पोशाख चढवितात. ‘हे त्यांचे क्षेत्र नव्हे’ एवढा निकाल दिला, की नवा ग्रंथ उघडून पाहण्याचे श्रम वाचतात. हा निकाल कितपत न्याय्य असतो, हे पाहण्यास चिं. वि. जोशी यांच्याइतके सोयीचे उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही. त्यांचे कर्तृत्व बडोद्यात बहरले. तेव्हा महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींनी तरी त्याचा विचार अगत्याने केला पाहिजे.

जोशी यांचे नाव घेताच चिमणराव आणि गुंड्याभाऊ उभे राहतात. मग कोणी तरी पुस्ती जोडतो, की ते पालीही शिकवीत. वस्तुस्थिती उलट आहे. १८९२ मध्ये पुण्यात जन्मलेल्या या लेखकाने पालीचे धडे घेतले ते फर्ग्युसन महाविद्यालयात, धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी. कोसंबी मूळचे गोव्यातील साखवाळचे. आणि त्यांच्या व्यासंगास एके काळी दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य दिले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. गोवे, पुणे आणि बडोदे यांना जोडणाऱ्या या विद्यापरंपरेत जोशी वाढले. त्यांचे पालीविषयीचे इंग्रजी पाठ्यपुस्तक १९१६ चे. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ निघाले ते १९३२ मध्ये. म्हणजे कोणी कोणाच्या प्रांतात शिरले असेल, तर पंडित विनोदाच्या प्रांतात शिरला आहे! वाचकांनी मात्र पाहुण्याला घरधनी ठरविले आणि घरधन्याला पाहुणा.

१९३३ हे साल या दृष्टीने मोठे मौजेचे आहे. त्या वर्षी ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने जोशी यांनी संपादिलेल्या ‘सद्धम्मप्पकासिनी’चा पहिला भाग काढला. ‘पटिसंभिदामग्ग’ या ग्रंथावरील महानामाची ही अट्ठकथा. तिचे तीन भाग पुरे होण्यास १९४७ साल उजाडले. एका हाताने पाठभेद ताडून पाहावयाचे आणि दुसऱ्या हाताने पुण्याच्या एका भाबड्या कारकुनाची फजिती लिहावयाची, हा उद्योग चौदा वर्षे चालला. यांपैकी एक काम हौसेचे आणि दुसरे पोटाचे, अशी वाटणी आम्हांस पटत नाही.

आमच्याकडे विषय बदलण्याची एक जुनी रीत आहे : नाव बदलणे. राम गणेश गडकरी कवितेत ‘गोविंदाग्रज’ झाले आणि विनोदात ‘बाळकराम’. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ वाटले, नाटके लिहिली आणि ‘भारतीय ज्योतिर्गणित’ही रचले, पण ज्योतिषाचा तो ग्रंथ विनोदाचे किती चाहते हातात घेतात, हे सांगावयास नको. जोशी यांनी टोपणनावाचा आडपडदा घेतला नाही. अट्ठकथेवर जे नाव, तेच चऱ्हाटावर. वाचकाने दोन्ही दालनांतून मोकळेपणी फिरावे, अशीच जणू त्यांची अपेक्षा होती.

ती अपेक्षा रास्त होती काय? एका विषयात कमावलेली कला दुसऱ्यात सर्वत्र उपयोगी पडते, असे आम्ही म्हणणार नाही. संहितेच्या संपादनात लेखकाच्या स्वभावाला वाव नसतो, आणि नसावाही. तेथे विनोदकार शोधणे व्यर्थ होय. ‘शाक्यमुनि गौतम’ (१९३५) सारख्या चरित्रपर विषयातही विनोदाला संकोचूनच वागावे लागते. पण ‘जातकांतील निवडक गोष्टी’ (१९३०) पाशी आल्यावर थांबावे लागते. जातककथेची घडण पाहा. आधी वर्तमानातील एखादा प्रसंग, मग त्यावरून आठवलेली पूर्वजन्मीची गोष्ट, आणि शेवटी त्या गोष्टीतील कोण आज कोण आहे याचा मेळ. पुष्कळदा असे निघते, की गोष्टीतला मूर्ख म्हणजे समोर बसलेल्या भिक्षूंपैकीच एक! मूर्खपणा दूरदेशीचा नसतो. तो सभेतच बसलेला असतो आणि त्याला हाकलून न देता त्याची गोष्ट सांगितली जाते.

चिमणराव आम्हांस याच सभेतले वाटतात. ते आपली कथा स्वतःच सांगतात, गंभीरपणे सांगतात, आणि आपण हास्यास्पद ठरत आहो याची त्यांना वार्ताही नसते. काऊ आणि मुले यांच्या त्या संसारात लेखक कोणाचाही तिरस्कार करीत नाही. कोल्हटकरांच्या विनोदात रूढीवर शस्त्र उगारलेले असते. जोशी यांच्या विनोदात शस्त्रच नाही. हे जातकांपासून आले असे सिद्ध करण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु जातके निवडणारी दृष्टी आणि चिमणराव घडविणारी दृष्टी एकच आहे, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्यास दिसल्यावाचून राहणार नाही.

उलट, ज्या क्षेत्राने कीर्ती दिली तेथेच राहिल्याचा तोटाही जोशी यांच्याच लेखनात दिसतो. ‘आणखी चिमणराव’ या नावातील ‘आणखी’ हा शब्द आम्हांस नेहमी थोडा खुपतो. ती मागणी वाचकांची होती. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या बोलपटाने ती वाढविली, आणि १९७० नंतरच्या दशकात दूरदर्शन मालिकेने लेखकाच्या पश्चात ती चित्रे कायमची ठसविली. पात्रे अमर झाली. पुढच्या काही कथांत मात्र प्रसंग नवा आणि हसे जुने, असे घडले.

‘बुद्धसंप्रदाय व शिकवण’ हे पुस्तक १९६३ चे, म्हणजे लेखकाच्या निधनाच्या वर्षाचे. ‘शाक्यमुनि गौतम’ निघाले तेव्हा मराठीत बुद्ध हा बहुतांशी पंडितांच्या जिज्ञासेचा विषय होता. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर लाखो मराठी कुटुंबांच्या तो जगण्याचा विषय झाला. जोशी यांच्या या दुसऱ्या दालनाचे दार ठोठावू शकेल असा वाचक चिमणरावांच्या चाहत्यांतून येण्याची गरज उरली नव्हती. तो स्वतंत्रपणे जन्मास आला होता. त्या वाचकास सोपी, पालीच्या मूळ ग्रंथांवर आधारलेली मराठी पुस्तके हवी होती आणि आजही हवी आहेत. पण वाङ्मयेतिहासाने या लेखकास विनोदाच्या प्रकरणात एकदा बसविले, ते तेथेच. धम्माविषयीची त्यांची पुस्तके कोसंबींच्या ‘भगवान बुद्धा’शेजारी ठेवून कोणी तरी बारकाईने तपासावी, त्यांतील काय टिकते व काय नवीन संशोधनाने मागे पडले हे सांगावे, आणि बडोद्यातील मराठी अभ्यासकांनी हे काम अंगावर घेतल्यास ते अधिक शोभेल.