पुरुषांची हाडे, परकी फूटपट्टी

मुळशी तालुक्यातील एका हाडे-तपासणी शिबिराचे पत्रक नुकतेच पाहण्यात आले. चित्र वाकलेल्या आजीचे, मजकूर केवळ महिलांसाठी, आणि तपासणी टाचेच्या अल्ट्रासाउंड यंत्राने. हेतू चांगला, पण त्यात दोन चुका आहेत आणि त्या आपल्या वर्गापर्यंतही पोहोचतात.

पहिली चूक पुरुषांना वगळण्याची. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, हे खरे. पुरुषांत ही झीज सावकाश होते, पण होते. जगात खुब्याचे हाड मोडणाऱ्यांत सुमारे एक तृतीयांश पुरुष असतात, आणि त्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांहून जास्त असते. भातखाचराच्या बांधावर पाय घसरून आजोबांचा खुबा मोडला, की आपण चिखलाला दोष देतो. उभ्या उभ्या पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही, हे विसरतो. तंबाखू, दारू, दम्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांची चौकशी राहूनच जाते.

दुसरी चूक आकड्याची. पत्रक म्हणते, 'उणे २.५ च्या खाली म्हणजे हाडे ठिसूळ'. ही सीमा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली सांगितली, ती रजोनिवृत्त श्वेतवर्णीय स्त्रियांसाठी. टाचेच्या यंत्राला ती लागूच पडत नाही. डेक्सा या क्ष-किरण तपासणीतही पुरुषाची तुलना बहुधा तरुण श्वेतवर्णीय स्त्रियांच्या सरासरीशी केली जाते.

शिवाय डेक्सा हाडाची जणू सावली मोजते. उत्तर येते ते ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, घन सेंटिमीटरमध्ये नव्हे. विद्यार्थ्यांना हे गणित घाला. एकाच पदार्थाचे दोन घन घ्या: १ सेंमी बाजूचा, वजन २ ग्रॅम, आणि २ सेंमी बाजूचा, वजन १६ ग्रॅम. खरी घनता दोन्हींची २. पण वजनाला सावलीच्या क्षेत्रफळाने भागले, तर पहिल्याचे उत्तर २ आणि दुसऱ्याचे ४. लहान चणीच्या माणसाचे हाड यंत्राला असेच कमकुवत भासू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून भारतीय स्त्री-पुरुषांची संदर्भमूल्ये २०१० साली प्रसिद्ध झाली आहेत. पत्रकात त्यांचा उल्लेखही नाही.

म्हणजे एकीकडे ज्याला धोका आहे तो पुरुष शिबिराबाहेर राहतो, आणि दुसरीकडे आत गेलेली निरोगी व्यक्ती घाबरून परतते. पुढच्या पत्रकावर आजीशेजारी आजोबाही हवेत, आणि आकड्याशेजारी तो कोणाशी ताडून काढला हेही हवे.