‘पाय’, ‘पाऊल’ आणि प्रश्नावली

जन्मतः आत वळलेल्या पावलाची उपचारपद्धती आता पुष्कळच स्थिरावली आहे. आयोवा येथील डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित केलेली, दर आठवड्यास प्लास्टर बदलीत पाऊल सरळ करण्याची रीत जगभर मान्य झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच ज्याचा आरंभ झाला, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीतही या व्यंगाचा समावेश आहे. हजार जन्मांमागे सुमारे एक बालक, असे याचे प्रमाण. पाऊल सरळ झाले की नाही हे वैद्याला पाहता येते. मुलाचे जगणे सुकर झाले की नाही हे मात्र विचारावे लागते. येथे प्रश्न भाषेचा होतो.

या कामी रॉय व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली सिद्ध केलेली दहा प्रश्नांची प्रश्नावली वारंवार योजली जाते. ‘समाधान’ आणि ‘कार्यक्षमता’ असे तिचे दोन भाग आहेत. आटोपशीरपणा हा तिचा मोठाच गुण होय. परंतु ती मराठीत उतरवू पाहणाऱ्यास पहिल्याच नामाशी ठेच लागते. इंग्रजीत घोट्याखालच्या अवयवास स्वतंत्र शब्द आहे. मराठीतील ‘पाय’ मांडीपासून बोटांपर्यंत पसरलेला. आता या व्यंगात, उपचार कितीही उत्तम झाला तरी, त्या बाजूची पोटरी बहुधा बारीकच राहते. ‘मुलाच्या पायाचे रूप कसे वाटते?’ असे विचारताच आईची दृष्टी पोटरीवर जाते. तिने दिलेला नकार मात्र पावलाच्या खाती जमा होतो. यास्तव ‘पाऊल’ हाच शब्द योजावा, आणि त्याचा ‘एक पाऊल पुढे’ हा अर्थ आड येऊ नये म्हणून ‘घोट्याखालचे’ हे विशेषण जोडावे.

‘समाधान’ या शब्दाची अडचण निराळी. मराठीत तो सद्गुण आहे. पोटच्या मुलाविषयी ‘मी असमाधानी आहे’ असे म्हणणे म्हणजे कृतघ्नता, असे वाटणाऱ्या आया पुष्कळ. (‘जीवनमान’ या रूढ पर्यायाचीही तीच गत, तो ऐकताच मनात येतो तो पगार आणि घरभाडे.)

खरी गफलत क्रियापदांत आहे. ‘धावण्याच्या क्षमतेवर कितपत मर्यादा आहे?’ या प्रश्नास मराठी बोलणारा माणूस तीन परींनी उत्तर देऊ शकतो: त्याला धावता येत नाही, त्याला धाववत नाही, आम्ही त्याला धावू देत नाही. पहिल्यात सामर्थ्याचा अभाव, दुसऱ्यात शक्य क्रियापदाने सुचविलेली वेदना वा थकवा, तिसऱ्यात पालकांचे भय. पहिल्या दोहोंवरील उपाय वैद्याकडे असेल; तिसऱ्यावरील उपाय घरातच करावयाचा. आमच्या व्याकरणाने आयता दिलेला हा भेद एकाच अंकात कोंबणे म्हणजे हाती आलेली माहिती टाकून देणे होय.

जे विचारलेच नाही त्याचे काय? दहांपैकी दोन प्रश्न बुटांविषयी आहेत, बैठकीविषयी एकही नाही. एव्हरशाईन सिटीतील सदनिकेत वाढणाऱ्या, शाळेसाठी रोज बूट चढविणाऱ्या मुलास बुटांचे प्रश्न लागू पडतील. त्याच जिल्ह्यातील पाड्यावर अनवाणी हिंडणाऱ्या मुलास त्यांचा अर्थ काय? उलट मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे हे दोघांच्याही आयुष्यात आहे, आणि घोटा ताठर राहिला तर टाच टेकवून उकिडवे बसणे हेच प्रथम कठीण होते.

प्लास्टरनंतरच्या पट्टीच्या बुटांचाही येथे उल्लेख नाही. पहिले तीन महिने दिवसाचे सुमारे तेवीस तास व पुढे चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री ते घालावे लागतात. ते सोडल्यामुळेच व्यंग बहुधा उलटते. मूल रात्री रडते तेव्हा बूट काढावेत की ठेवावेत, हा त्या घरातील मुख्य प्रश्न असतो. तो प्रश्नावलीत नसेल तर तिच्या गुणांकावरून त्या घराची स्थिती कळली असे म्हणवत नाही.

म्हणून अनुवाद छापण्यापूर्वी तो वसईतील कादोडी बोलणाऱ्या आणि डहाणूकडील वारली बोलणाऱ्या आयांपुढे मोठ्याने वाचावा. त्या कोठे अडखळतात ते टिपावे. आणि मूल पाच-सहा वर्षांचे झाले असल्यास तेच प्रश्न त्यालाही, आई जवळ नसताना, विचारून पाहावेत.