'अँटिगनी'तील वादग्रस्त उतारा आणि अनुवादकाची जबाबदारी

सोफोक्लीजच्या 'अँटिगनी' या शोकात्मिकेतील ९०४ ते ९२० या ओळी संपादक व अनुवादक या दोघांचीही कसोटी पाहतात. पती वा अपत्य यांच्यासाठी आपण राजाज्ञा मोडली नसती. दुसरा पती मिळाला असता, अपत्यही झाले असते, परंतु आईवडिलांच्या पश्चात भाऊ पुन्हा लाभणे नाही, असे अँटिगनी येथे म्हणते. देवांच्या अलिखित नियमांचा उच्चार करणाऱ्या नायिकेच्या मुखी हा हिशेब अनेकांना विसंगत वाटला. हा उतारा प्रक्षिप्त ठरावा, अशी इच्छा गटेने १८२७ मध्ये व्यक्त केली. जेब यांनी आपल्या आवृत्तीत तो कंसात घातला. फिट्स व फिट्झजेराल्ड यांच्या १९३९ च्या इंग्रजी अनुवादात तो वगळलाच गेला.

या दोन कृतींत मूलभूत फरक आहे. कंसामुळे संपादकाची शंका वाचकासमोर राहते. वगळल्याने निर्णयाचा वाचकाचा अधिकारच संपतो. शिवाय अॅरिस्टॉटलने 'ऱ्हेटोरिक'मध्ये याच उताऱ्याचा दाखला दिला आहे. अर्थात, इ. स. पूर्व चौथ्या शतकात तो नाटकाचा भाग मानला जात होता.

उतारा गाळल्यास अँटिगनी केवळ एका तत्त्वाची प्रतिमा उरते. ठेवल्यास मृत्यूच्या दारात आपल्या कृतीचे कारण शोधणारी बहीण दिसते. म्हणून वर्गात अनुवाद नेमताना भाषेच्या सुबोधतेआधी त्यात काय गाळले आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.