ऑनलाइन प्रशिक्षणसत्रांची रचना : मुंबई आयआयटीच्या तीन उपक्रमांच्या आधारे एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन शिक्षकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण भारतात नवे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ साली अकॅडेमिक स्टाफ कॉलेजची योजना आखली. त्यातून उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग सुरू झाले आणि पुढे ते पदोन्नतीशी जोडले गेले. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर हे प्रशिक्षण मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. टाळेबंदी उठली, तरी ऑनलाइन सत्रे टिकून राहिली. प्रवास, निवास व रजा यांची बचत होते, हे त्याचे उघड कारण आहे.

या सत्रांत सहभागी शिक्षकांचे लक्ष टिकत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्यावर सुचविले जाणारे उपाय बहुधा सादरीकरणाचे असतात : आकर्षक स्लाइड, मतचाचणी, प्रश्नमंजूषा, उत्साही सूत्रसंचालन. लक्ष टिकणे हा मुळात सादरीकरणाचा प्रश्न नसून सत्राच्या रचनेचा आहे. सहभागी व्यक्तीला त्या वेळेत नेमके काय करावयाचे आहे, हे ठरल्याशिवाय कोणतेही सत्र जिवंत होत नाही. या भूमिकेतून प्रस्तुत लेखात मुंबई आयआयटीच्या तीन उपक्रमांची चिकित्सा केली आहे.

व्याख्यानाचे प्रक्षेपण

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ साली आंतरक्रियेचे तीन प्रकार सांगितले : विद्यार्थी व आशय, विद्यार्थी व शिक्षक, विद्यार्थी व विद्यार्थी. २०२० मध्ये गावोगावच्या महाविद्यालयांनी भरविलेल्या वेबिनारांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांतील उणीव स्पष्ट होते. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, तासाभराचे व्याख्यान, वेळ उरल्यास दोन प्रश्न आणि आभारप्रदर्शन, असा त्यांचा ठरलेला क्रम होता. झूमच्या विनामूल्य सेवेत १०० जणांची मर्यादा असल्याने अनेक ठिकाणी उरलेल्यांना यूट्यूबवरील प्रक्षेपण पाहावे लागे. अखेरीस अभिप्रायाच्या गूगल फॉर्मचा दुवा येई व तो भरणाऱ्यास प्रमाणपत्र मिळे.

सभागृहातील समारंभाचा साचा येथे जसाच्या तसा पडद्यावर आला. सभागृहात चहाच्या वेळी, जेवणाच्या पंगतीत आणि निवासाच्या खोलीत जी चर्चा होत असे, ती मात्र वगळली गेली. मूर यांच्या तीन प्रकारांपैकी तिसरा जवळजवळ नाहीसा झाला, दुसरा दोन प्रश्नांपुरता उरला आणि पहिला श्रवणापुरता मर्यादित झाला. त्यातच प्रमाणपत्र अभिप्रायपत्रास जोडलेले असल्याने, फॉर्म केव्हा येतो याकडेच लक्ष लागावे, यात नवल नाही. सहभागी शिक्षकांना दोष देण्यापूर्वी ही रचना तपासली पाहिजे.

तीन वेगळ्या रचना

टाळेबंदीच्या बऱ्याच आधी महाराष्ट्रातच याहून वेगळे प्रयोग झाले होते. २००९ साली सुरू झालेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मिशनमधून मुंबई आयआयटीने प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली अभियांत्रिकी शिक्षकांसाठी मोठ्या कार्यशाळा घेतल्या. दहा हजार शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचा तो प्रकल्प होता. व्याख्यान मुंबईहून ‘ए-व्ह्यू’ या प्रणालीद्वारे प्रक्षेपित होई. परंतु शिक्षक एकेकटे घरी बसून ते ऐकत नसत. ते जवळच्या महाविद्यालयातील दूरस्थ केंद्रात एकत्र जमत आणि प्रात्यक्षिके व स्वाध्याय तेथील समन्वयकाच्या देखरेखीखाली करीत. या समन्वयकांची स्वतंत्र पूर्वतयारी आधी करून घेतली जात असे. तज्ज्ञाचा आवाज दुरून आणि कामाची सोबत जवळून, अशी ही विभागणी होती.

दुसरा उपक्रम प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालील ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा होय. यात साधारण दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती असतात. पडद्याच्या एका भागात फीत चालते आणि शेजारच्या खिडकीत शिकणारा तीच कृती स्वतः करतो. कृती जमली नाही, तर फीत थांबवून मागे नेता येते. फिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झाल्या असून त्या इंटरनेटशिवायही वापरता येतात. येथे श्रोता असा कोणी नसतोच; जो कृती करीत नाही, त्याच्यापुरती फीत निरर्थक ठरते.

तिसरे उदाहरण प्रा. सहना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या विद्यार्थिकेंद्री मूक प्रारूपाचे आहे. त्यावर आधारित शिक्षक-प्रशिक्षण आयआयटी-बॉम्बे-एक्स या व्यासपीठावरून देण्यात आले. यातील चित्रफीत ठरावीक जागी थांबते, प्रश्न विचारते आणि उत्तर लिहिण्यास अवकाश देऊन पुढे जाते. सरावास लगेच प्रतिसाद मिळतो. ज्याची जशी गरज, त्याप्रमाणे पूरक साहित्याच्या वाटा दिलेल्या असतात. चर्चामंचावरही ‘आपले विचार मांडा’ अशी मोघम सूचना नसते. निश्चित प्रश्न दिलेला असतो.

रचनांची मर्यादा

या तिन्ही उपक्रमांचे मोल मान्य करूनही काही आक्षेप नोंदवावे लागतात. पहिल्यास केंद्र, यंत्रणा व मनुष्यबळ यांचे मोठे पाठबळ लागते. ते एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाला स्वबळावर उभे करता येणार नाही. दुसऱ्याचे यश आशयाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. संगणकप्रणालीतील कृती बरोबर की चूक, हे पडद्यावर तत्काळ दिसते. कवितेचा अन्वय किंवा ऐतिहासिक साधनाची विश्वसनीयता असा निवाडा देत नाही. तिसऱ्यात शिकणाऱ्याच्या स्वयंशिस्तीवर मोठी भिस्त आहे. दिवसाचे तास, परीक्षेची कामे व घर सांभाळणाऱ्या शिक्षकाला ती दरवेळी साधेलच असे नाही.

तथापि, या मर्यादांमुळे मूळ तत्त्व बाधित होत नाही. तिन्ही ठिकाणी आधी कृती ठरली आणि मग भाषणाची लांबी ठरली.

मानव्यविद्यांतील उपयोजन

हेच तत्त्व मराठी विषयाच्या शिक्षकांसाठी असलेल्या ९० मिनिटांच्या सत्रास लावून पाहता येईल. विषय ‘उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन’ असा घेतल्यास, एकाच प्रश्नाची नाव झाकलेली तीन उत्तरे सहभागींना दोन दिवस आधी पाठवावीत. प्रत्येकाने गुण व त्यांमागील दोन ओळींचे कारण सत्रापूर्वी नोंदवावे. सत्राच्या आरंभी केवळ गुणांचा पसारा दाखवावा. एकाच उत्तरास कोणी १० पैकी ४, तर कोणी ८ गुण दिलेले दिसताच चर्चेला वेगळे निमंत्रण द्यावे लागत नाही. त्यानंतर चार-पाच जणांच्या गटांनी २५ मिनिटांत समान निकष लिहावेत आणि तज्ज्ञाने त्या निकषांवर बोलावे. व्याख्यान येथे रद्द होत नाही, त्याची जागा बदलते. ऐकणाऱ्यांच्या मनात प्रश्न तयार झाल्यावर ते येते.

सूत्रसंचालकाची भूमिका

अशा सत्रात सूत्रसंचालकाचे काम पाहुण्यांचा परिचय करून देण्यापुरते राहत नाही. गट आधी पाडणे, प्रत्येक गटास लेखी प्रश्न देणे, संपर्क तुटलेल्यास दूरध्वनीवरून पुन्हा जोडून घेणे, न बोलणाऱ्याचे लेखी मत वाचून दाखविणे, ही त्याची खरी कामे होत. कॅमेरा सतत सुरू ठेवण्याच्या सक्तीचाही फेरविचार आवश्यक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडल्याप्रमाणे, पडद्यावर जवळून दिसणारे अनेक चेहरे, स्वतःचे सतत होणारे दर्शन, जखडलेली बैठक आणि हावभाव वाचण्याचा जादा ताण यांमुळे थकवा येतो. गटचर्चेत कॅमेरा सुरू व व्याख्यानात ऐच्छिक, ही विभागणी अधिक सयुक्तिक ठरेल. ग्रामीण भागातील अपुऱ्या जोडणीचा विचार करता तीच न्याय्यही आहे.

समारोप

प्रशिक्षण पदोन्नतीशी जोडलेले असल्याने त्यातील पोकळपणा केवळ कंटाळ्याचा विषय राहत नाही. उपस्थितीलाच अध्ययन मानणारी पद्धत शिक्षक स्वतः अनुभवतो आणि बहुधा तीच पुढे आपल्या वर्गात नेतो. म्हणून प्रमाणपत्र अभिप्रायपत्राशी न जोडता सत्रात घडलेल्या कामाशी जोडले पाहिजे : तपासलेले उत्तर, लिहिलेला निकष, बदललेली पाठयोजना. आयोजक संस्थांना त्यासाठी खर्चिक तंत्रज्ञानाची गरज नाही. निमंत्रणपत्रिकेवर वक्त्याचे नाव छापण्यापूर्वी ‘सहभागी काय करतील?’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर लिहिण्याची शिस्त तेवढी पाळावी लागेल.